मरू नका म्हणणारं औषध

“अंहं, हळू. दोन बोटांत धर. आता ठेव वर... ठेव. सोड!”

मुंगीने ठोकळा सोडला आणि चौथ्या मजल्यावरच सगळा मनोरा कोसळला. लाल ठोकळे फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेले. मुंगीला त्या आवाजाची भारी गंमत वाटली. ती खुदकन हसली आणि टाळ्या वाजवू लागली, म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताच्या मनगटावर मारू लागली. तिच्या टाळ्या अशाच असायच्या.

“हसतेस काय, बाई माझे? तुझी आई यायच्या आत अजून एकदा झालं पाहिजे.” मावशी पलंगाखाली वाकली, एकेक ठोकळा ओढून काढला आणि पदराला पुसून पुन्हा नातीसमोर मांडला. “चल. परत.”

मावशी ही कुणा एकाची मावशी नव्हती. मोठ्या सरकारी रुग्णालयात, नवजात बाळांच्या वॉर्डात ती आयाचे काम करत होती. डॉक्टर, नर्सा, लिफ्टवाला, बाळांचे घाबरलेले बाप, सगळे तिला मावशीच म्हणत. इतके, की महिन्याच्या शेवटी हजेरीला कुणी तिचे खरे नाव पुकारले तर तीच मागे वळून कोण आहे ते पाही. नवरा लेकीच्या लग्नाआधीच गेला. घरात दोन खोल्या, एक लेक, आणि आता लेकीची ही लेक.

लेक दिवसभर शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापायला जायची. मावशीची सकाळची पाळी दुपारी संपायची; तोवर मुंगी शेजारणीकडे असायची. त्या दुपारच्या वेळात आजी-नातीचा हा वर्ग चाले, आणि लेकीची चाहूल लागली की ठोकळे पिशवीत आणि पिशवी पिठाच्या डब्यामागे जाई. लेकीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला सांगितले असते तर तिने ते होऊ दिले नसते, एवढे मावशी आपल्या लेकीला ओळखत होती.

मुंगी जन्मली तेव्हा रडली नव्हती.

मावशी तेव्हा दाराशीच उभी होती, हातात ऊन केलेला टॉवेल घेऊन. अशा टॉवेलात तिने किती बाळे गुंडाळली असतील त्याची गणती नाही. लेकीची वेळ भरली तशी तिनेच हट्टाने तिला याच रुग्णालयात आणले होते. आपली माणसे आहेत, काळजी घेतील म्हणून. माणसांनी घेतलीही. पण नाळ गळ्याभोवती आवळली होती, आणि आतून जो आवाज यायला हवा तो आलाच नाही. डॉक्टरांच्या पायांचे, भांड्यांचे, यंत्राचे आवाज आले. मावशीच्या हातातला टॉवेल गार झाला तरी ती तशीच उभी होती.

बाळाला यंत्रावर ठेवले, मेंदूची हानी वाढू नये म्हणून थंड गादीवर निजवले. नळ्यांच्या जाळ्यात पोरीचे एक बोट तेवढे हलत होते, मुंगी चालल्यासारखे. नर्सांनी तिचे नाव मुंगी ठेवले ते तिथेच.

वॉर्डाच्या मुख्य डॉक्टर म्हणजे मोठ्या मॅडम. सडपातळ, केस अर्धे पिकलेले, बोलणे मोजके. त्यांनी लेकीला, जावयाला आणि मावशीला खोलीत बोलावून घेतले.

“बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडलाय,” त्या म्हणाल्या. “किती नुकसान झालंय ते आज सांगता येणार नाही. आमच्याकडे एका औषधाची तपासणी चालू आहे. तुमची इच्छा असेल तर बाळाला त्यात घेता येईल.”

“कसलं औषध?” जावयाने विचारले. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. कुठलीही गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“मुळात हे रक्त वाढवायचं औषध. आपल्या सगळ्यांच्या शरीरात ते तयार होतं, मूत्रपिंडात. ते हाडांतल्या मगजाला सांगतं, की तांबड्या पेशी बनव. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना आम्ही हे वर्षानुवर्षं देतो.”

“पण हिला तर मेंदूचं...”

“तेच सांगते. मेंदूतल्या पेशींवरही या औषधाला धरायला जागा असते, असं सापडलंय. प्राणवायू तुटला की सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत. काही तग धरतात, आणि मग पुढचे काही दिवस एकेक करून आपणच मरायला लागतात. हे औषध त्यांना धरून ठेवतं. मरू नका म्हणतं. उंदरांच्या पिल्लांमध्ये आम्हाला हे स्पष्ट दिसलंय. माणसांच्या बाळांत दिसतं का, तेच बघायचंय.”

मरू नका म्हणतं. मावशीच्या कानात ते शब्द रुतून बसले. डॉक्टरांच्या तोंडून तिने पुष्कळ औषधांची नावे ऐकली होती. पण असे बोलणारे औषध पहिल्यांदाच ऐकत होती.

“सही कर,” ती लेकीला म्हणाली.

“आई, थांब ना. मॅडम, नक्की मिळेल ना हिला ते?”

“तेही सांगायला हवं. निम्म्या बाळांना औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं मीठपाणी. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. कुणाला काय मिळालं ते तुम्हाला कळणार नाही, नर्सला नाही, मलाही नाही. शेवटपर्यंत.”

सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मावशीने मॅडमना जिन्यात गाठले.

“मॅडम, आजवर तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. माझ्या नातीला खरं औषध द्या.”

“मावशी, मलाच माहीत नाही कुठल्या सुईत काय आहे ते.”

“तुम्हाला माहीत नाही असं कसं होईल?”

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या वर निघून गेल्या. मावशीने त्या हाताचा आपल्याला हवा तसा अर्थ लावला. पुढे जेव्हा मुंगी यंत्रावरून निघाली, स्वतः दूध ओढायला लागली, घरी आली, तेव्हा मावशीची खात्रीच पटली, की खरे औषध मिळाले ते आपल्याच पोरीला.

पण पोर मागे पडत गेली. मान उशिरा धरली, बसायला उशीर, चालायला त्याहून उशीर. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. तोंडात शब्द दोन-तीनच. लेक म्हणायची, “काही मुलं उशिराच बोलतात.” जावई काही म्हणायचा नाही. तो नुसता बघत राहायचा.

एके दिवशी तो लेकीला आणि मुंगीला घेऊन मावशीच्या दारात आला, सोबत एक बॅग.

“राहू देत थोडे दिवस तुमच्याकडं.”

“राहू देत की. पण झालं काय?”

तो उंबऱ्यातच उभा राहिला. “आई, माझा मोठा भाऊ असाच होता. शेवटपर्यंत त्याला मी धुतलं, पुसलं, खाऊ घातलं. गल्लीतल्या पोरांनी त्याला दगड मारले की मधे मी पडायचो. माझी शाळा त्यातच गेली. त्याला पोचवून आलो तेव्हा मला रडू आलं नाही, झोप आली. मी एकदा केलंय हे सगळं. परत नाही होणार माझ्याच्यानं.”

“अहो, पण ही तशी नाही. हिला औषध मिळालंय.”

“दोन वर्षांची झाली की त्या औषधवाल्या मुलांची तपासणी आहे ना रुग्णालयात? ती होऊ द्या. मग बघू.”

तो गेला. लेक त्या रात्री जेवली नाही. आणि मावशीने मनाशी ठरवून टाकले.

मुलांची तपासणी व्हायची ती खोली झाडण्या-पुसण्याचे काम मावशीकडेच होते. एका मुलाची तपासणी झाली की सगळी खेळणी स्पिरिटने पुसून पुन्हा पेटीत भरायची, दुसऱ्यासाठी. लाल ठोकळे. कपाखाली लपवायची घंटा. चित्रांचे जाड पानांचे पुस्तक. मुले काय करतात, तपासणीवाल्या बाई कशाला मान डोलावतात, हे सारे तिने कोपऱ्यात फडके हातात घेऊन पाहिलेले होते. रुग्णालयाच्या सुताराला सांगून तिने तसेच ठोकळे कापून घेतले, लाल रंग दिला. घंटा बाजारात मिळाली. जुन्या मासिकांतली चित्रे कापून तिने पुठ्ठ्यांवर चिकटवली, त्याच क्रमाने, त्याच कोपऱ्यांत.

यात काही खोटे आहे असे तिला तेव्हा वाटले नाही. तिचा हिशोब साधा होता. औषध आत गेलेले आहे. पेशी मेलेल्या नाहीत, झोपल्यात. कुणीतरी गदागदा हलवून उठवायला हव्यात, बस.

आणि मुंगी शिकली. ठोकळे पडत, पुन्हा लागत, पुन्हा पडत. एका दुपारी सहाच्या सहा ठोकळे उभे राहिले आणि डुलत का होईना, तसेच राहिले. मावशीने नातीला उचलून इतके मुके घेतले की पोर गुदमरून रडायला लागली. मग चित्रे. कुत्रा वरच्या कोपऱ्यात, बूट खालच्या, गाडी मधे. “कुत्रा कुठंय?” बोट वरच्या कोपऱ्यात. कुत्रा कशाला म्हणतात हे पोरीला ठाऊक होते का? रस्त्यावरचा कुत्रा दाखवला तर ती आजीच्या तोंडाकडे बघायची. मावशी म्हणायची, रस्त्यावरचा हलतो ना, म्हणून गोंधळते.

तपासणीच्या दिवशी मॅडम स्वतः दाराशी येऊन मुंगीच्या गालाला हात लावून गेल्या. तपासणीवाल्या बाई तरुण होत्या आणि त्यांच्यामागे अजून पुष्कळ मुले बसली होती. लेक आत आली तर पोर तिच्या कुशीतच शिरून बसते, म्हणून आजीने मांडीवर घ्यावे असे ठरले. ते मावशीनेच ठरवून आणले होते.

ठोकळे झाले. बाईंनी मान डोलावली. घंटा झाली. चित्रांच्या पुस्तकात बाईंकडून घाईत दोन पाने एकदम उलटली गेली.

“बूट कुठंय, बाळा?”

मुंगीचे बोट खालच्या कोपऱ्यात गेले. तिथे मासा होता.

“अरे, माझंच चुकलं, पान सुटलं,” म्हणत बाईंनी पान मागे घेतले. “हं, आता दाखव.”

बोट तिथेच होते. बूटही तिथेच आला.

मग बाईंनी पेटीतून एक बाहुली काढली. ती पूर्वी पेटीत नव्हती, नवी आली होती. “बाहुलीचं नाक कुठंय?” मुंगीने बाहुलीकडे पाहिले, आजीकडे पाहिले, आणि बाहुलीचे डोके तोंडात घालून चावले. बाई हसल्या. कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाल्या, “एखादं राहिलं तर चालतं.”

अहवाल आला. वयाप्रमाणे वाढ समाधानकारक. लेक तो कागद छातीशी धरून रुग्णालयाच्या व्हरांड्यातच खाली बसली आणि रडली. संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला. त्याने अहवाल उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

“म्हणजे नॉर्मल आहे,” तो म्हणाला.

“मी सांगतच होते,” मावशी म्हणाली.

त्याने मुंगीला उचलून खांद्यावर घेतले, बहुधा पहिल्यांदाच. तिघे गेल्यावर मावशीने ते ठोकळे चुलीत घातले असते, पण गॅसच्या शेगडीत लाकूड जळत नाही. तिने ते कचऱ्याच्या गाडीत टाकले, घंटेसकट.

सुट्टीच्या दिवशी ती लेकीकडे जायची. पहिल्या वेळी सगळे छान होते. दुसऱ्या वेळी मुंगी जेवायला बसली होती. चमचा तोंडापाशी नेईपर्यंत त्यातले सगळे मांडीवर सांडत होते. लेकीने तिच्या हातावर सटकन चापट मारली.

“नीट धर. येतं तुला.”

“अगं, लहान आहे.”

“तू मधे बोलू नकोस, आई. सहा ठोकळे एकावर एक लावते, चमचा धरता येत नाही? सगळी नाटकं आहेत. मला मुद्दाम दमवते.” ती पोरीकडे वळली. “आजी आली की कशी चढतेस बघ.”

“लाडावलीय तुमच्याकडं राहून,” जावई हसत म्हणाला. “रिपोर्ट एवढा चांगला. डोकं आहे, वापरत नाही. थोडी शिस्त लावली की येईल वळणावर.”

मावशी पोरीला आतल्या खोलीत घेऊन गेली. फ्रॉक बदलताना तिला पोरीच्या मांडीवर बोटांचे निळे वळ दिसले. वळ बारीक होते. लेकीच्या बोटांचे.

त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी तिला वॉर्डात थांबवले. कधी नव्हे ते त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते. “मावशी, सगळ्या मुलांची तपासणी अजून व्हायची आहे, पण जन्मतः इतकी वाईट अवस्था असलेल्या बाळांत तुमची मुंगी सगळ्यात पुढं आहे. तपासणीत घेतलेली तिच्या ठोकळ्यांची फिल्म मी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. इतकी वर्षं हे एकच औषध घेऊन बसलेय मी. लोक हसायचे. आता वाटतंय, उगाच नाही बसले.”

मावशी “बरं झालं, मॅडम” म्हणाली आणि धुवायचे दुपटे हातात घेऊन तशीच संडासात जाऊन उभी राहिली.

पुढच्या सुट्टीला ती लेकीकडे पोचली तेव्हा दुपार टळत होती. लेक शिवणयंत्रापाशी बसली होती, डोळे सुजलेले. मुंगी दिसेना.

“पोर कुठंय?”

लेकीने मोरीकडे मान केली. दाराला बाहेरून कडी होती.

“बाटली फोडली. चौथ्यांदा सांगितलं, हात लावू नको. ऐकतच नाही. समजतं सगळं, ऐकत नाही.”

मावशीने कडी काढली. मुंगी ओल्या फरशीवर बसली होती. रडत नव्हती. आजीला पाहून ती उठली नाही की हात पुढे केले नाहीत. फक्त पायाच्या बोटांकडे बघत राहिली, आणि मावशी जवळ वाकताच तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, मार चुकवायला.

हे मात्र तिला कुणी शिकवले नव्हते. हे ती आपले आपण शिकली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आपल्या खोलीत डबा खात असताना मावशी आत गेली आणि दार लावून घेतले. उभ्या उभ्याच तिने सगळे सांगितले. सुताराचे सांगितले, चित्रांचे सांगितले. मॅडमच्या हातातला घास हातातच राहिला.

“सगळे खेळ?” त्यांनी शेवटी विचारले.

“ठोकळ्यांचा, घंटेचा, चित्रांचा. बाहुलीचा नाही. बाहुली नवी होती.”

“बाहुली नवी होती,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांना एकदम हसू आले. ते हसू ऐकायला बरे नव्हते. त्यांनी डबा बंद केला. “मावशी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? ही एका मुंगीची गोष्ट नाही. या आकड्यांवर उद्या कुणीतरी दुसऱ्या बाळांना सुई देणार.”

“मला तेव्हा फक्त माझीच दिसत होती, मॅडम.”

“तुम्ही इथल्या. बाहेरची आई असती तर एक वेळ...” त्यांनी वाक्य सोडून दिले. खिडकीतून खाली व्हरांड्यात बाळांची दुपटी वाळत होती. “मला तुमचा राग यायला हवा. येईल. आत्ता नुसता थकवा आलाय. आणि तिची आई?”

“तिला माहीत नाही. ती... तिला वाटतं, पोर मुद्दाम करते.”

मॅडमनी फोन उचलला आणि मुंगीची तपासणी पुन्हा करायला सांगितली. दुसऱ्या बाई, दुसरी खेळणी, आणि खोलीत मावशी नको.

या वेळचा अहवाल मॅडमनी स्वतः लेक-जावयाला समजावून सांगितला. मावशी बाहेरच्या बाकावर बसून होती. जावई आधी बाहेर आला. ती उठून उभी राहिली. तिला वाटले, तो ओरडेल; ओरडला असता तर बरे झाले असते.

“मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आई,” तो म्हणाला. “असल्या माणसाशेजारी वाढलोय मी. मला कळणार नाही? पण कागदावर लिहून आलं, म्हणून हट्टानं खरं मानलं. चूक माझीपण आहे.” आणि तो जिना उतरून गेला. पुढे त्याने बाहेरगावचे काम घेतले. सुरुवातीला दर आठवड्याला यायचा. मग सणासुदीला येईन म्हणाला. मग फोन यायचा.

लेक मागाहून आली, मुंगीला कडेवर घेऊन. मावशीने हात पुढे केले. लेक दोन पावले मागे सरली.

“तू मला का नाही सांगितलंस?”

“पोरी, तुझा संसार...”

“मी हिला मारलं, आई.” लेकीचा आवाज चढला नव्हता, पण व्हरांड्यातली माणसे बघायला लागली. “रोज मारलं. येतं तुला, येतं तुला म्हणत मारलं. मोरीत कोंडलं. हिला येत नव्हतं. हिला काही येतच नव्हतं, आणि ते तुला माहीत होतं. तू येऊन बघायचीस, चहा प्यायचीस, घरी जायचीस.”

“मी सांगितलं ना शेवटी...”

“शेवटी!” ती म्हणाली. “तो सोडणार होता तर सोडू द्यायचं होतंस मला. आम्ही दोघी राहिलो असतो. निदान हिला आई तरी राहिली असती. आता ही माझ्याकडं बघून डोक्यावर हात घेते. ते कुठलं औषध काढणार?”

लेक निघून गेली. मुंगी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती, पण आजीकडे नाही. व्हरांड्याच्या छताला फिरणाऱ्या पंख्याकडे.

चौकशी झाली. मावशीची नोकरी गेली नाही. मॅडमनी रदबदली केली असे लोक म्हणाले. तिला धुलाईखान्यात बदलले. तळमजल्यावर, वाफेत, चादरींच्या ढिगात. तिथे तिला मावशी म्हणणारे कुणी नव्हते. मुकादम “ओ बाई” म्हणायचा.

तिथेच एकदा मोठ्या मॅडम आल्या. केस आता पुरतेच पिकले होते. यंत्रांच्या घरघरीत त्यांना मोठ्याने बोलावे लागले.

“निकाल लागला, मावशी. म्हटलं, तुम्हाला मीच सांगावा.”

मावशीने हातातली चादर खाली ठेवली.

“फरक नाही. औषध दिलेली मुलं आणि मीठपाणी दिलेली मुलं, दोन्हीकडं सारखंच. मुंगीचा आकडा धरला तरी फरक नाही, सोडला तरी नाही.”

“उंदरांच्या पिल्लांना लागू पडलं होतं ना?”

“पडलं होतं. आजही पडतं.” मॅडमनी भिंतीला पाठ टेकली. पांढरा कोट ओला होईल याची त्यांना फिकीर नव्हती. “उंदराला आपण दुखापत करतो आणि लगेच सुई देतो. आईच्या पोटात बाळावर आलेल्या त्या घटकेचं आपल्याला काय कळतं? कधी सुरू झालं, किती वेळ चाललं... की दुसरंच काही कारण आहे. शोधतील. आता मी नाही. मी निवृत्त होतेय.”

“मॅडम, आता सगळं उघड झालं असेल ना? मुंगीला काय मिळालं होतं?”

“खरं औषध.”

वाफेचा एक लोट दोघींच्या मधून गेला.

“नसतं मिळालं तर याहून वाईट झालं असतं का?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही.”

मावशीने मान हलवली. मागितले ते मिळाले होते. तक्रार करायला कुणाचे दार उरले नव्हते. तिने ढिगातली पुढची चादर ओढली, आणि मॅडम दुसरे टोक धरायला पुढे झाल्या. दोघींनी मिळून ती चादर घडी केली. मग मॅडम गेल्या.

खऱ्या अहवालाने एक गोष्ट केली. मुंगीला विशेष मुलांच्या केंद्रात जागा मिळाली. लेकीला कारखान्याची वेळ चुकवता येत नव्हती, नवरा बाहेरगावी, दुसरे कुणी नाही. म्हणून ती रोज सकाळी मावशीच्या दारात यायची, पोरीचा हात आईच्या हातात द्यायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. सुरुवातीला मावशी म्हणायची, “चहा ठेवलाय.” हल्ली म्हणत नसे. धुलाईखान्यात तिने रात्रीची पाळी मागून घेतली होती.

केंद्रातल्या बाईंनी सगळ्या घरच्यांना पहिल्या दिवशीच बजावले होते: करू द्या. वेळ लागला तर लागू द्या. मधे हात घालू नका.

त्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा बाहेर ऊन चढले होते. इतर आया मुलांना पटापट सँडल चढवून निघत होत्या. मुंगी पायरीवर बसली आणि आपली सँडल ओढून घेतली. तिने ती आधी उलटी धरली. मग सुलटी केली. पाय घातला, निघाला, पुन्हा घातला. पट्टा बक्कलात जाईना. जीभ बाहेर काढून ती पट्ट्याच्या मागे लागली होती.

“द्या ना आजी घालून,” जाता जाता एक बाई म्हणाली. “कितीला पोचाल घरी?”

मावशी शेजारच्या पायरीवर बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

“पोचू,” ती म्हणाली.

अंगण रिकामे झाले. केंद्राच्या शिपायाने खिडक्या लावून घेतल्या. शेवटी एक पट्टा लागला, दुसरा तसाच लोंबत राहिला. मुंगी उठली, पायांकडे बघितले, आणि आजीची वाट न बघता चालू लागली. सँडल उलटसुलट पायांत होत्या. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. मावशीने ते पाहिले. ती उठली, दोन पावले मागे राहिली, आणि पोरीच्या फेंगड्या चालीला आपली चाल जुळवत उन्हातून निघाली.